उघडे हात

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांवर पहारा देण्याचा हुकूम आमच्या तुकडीला झाला. अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे इतका भाव आला होता. बडनेऱ्याला अजून आगगाडी पोचली नव्हती. माल बैलगाडीनेच जाई आणि वाटेवर लुटारू टपलेले असत.

तुकडीत एक हवालदार, नाईक याकोब आणि आम्ही काही शिपाई होतो. नाईक याकोब म्हणजे माझे भाऊजी. माझी थोरली बहीण मार्था अकोल्याला होती. तिचे दिवस भरत आले होते.

सूर्य मावळताना हॉल्ट होई. गाड्या एकमेकींना खेटून गोल लावायच्या, बैल आणि गाडीवान आत, पहारा बाहेर. मग भाऊजी पगडी काढून, दोन्ही तळवे वर करून प्रार्थना करत. मागणे थोडे असे. शेवटी म्हणत, "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो."

गाडीवानांचे म्होरके रहीमचाचा हसत.

"नाईकसाहेब, त्याच्याच मनासारखं होनार, तं तुमी सांगता कायले? झोपा ना निवांत!"

"त्याला नाही सांगत, चाचा. माझ्या मनाला सांगतो. ते ऐकत नाही."

"ते तं कोनाचंच आयकत नाई. अन् हात असे कावून?"

"मूठ आवळून काही सोपवता येतं का?"

मूर्तिजापूरच्या अलीकडे उजाडता उजाडता हल्ला झाला. लुटारूंनी आधी गोळी झाडली नाही. त्यांनी पेटते पलिते गाड्यांवर फेकले. सुटा कापूस भपकन पेटला आणि आग एका गाडीवरून दुसरीवर गेली. रक्षणासाठी केलेले कडे आतल्यांचा सापळा झाले.

"फायर!" हवालदार ओरडला. आम्ही धुरात गोळ्या झाडल्या.

आतून रहीमचाचांची हाक आली. "एक गाडी ओढा! वाट करा! बैलं जयून राहिले!"

"संगीन लाव. माझ्यामागं ये," भाऊजी म्हणाले.

त्यांनी बंदूक पाठीला अडकवली आणि पेटत्या गाडीच्या चाकाला हात घातला. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले असताना धुरातून एक भालेवाला आला. मी पोचण्याआधी भाला त्यांच्या पोटात गेला होता. माझी संगीन त्या माणसाच्या बरगड्यांत रुतली. छातीवर पाय देऊन ती उपसावी लागली. भाऊजींनी चाक सोडले नव्हते. गाडी हलली. बैल उधळत बाहेर पडले आणि समोर आलेल्या लुटारूंना तुडवत गेले. मागून गाडीवान निघाले. गणपत नावाचा गाडीवान आतच जळाला.

लुटारू पळाले. मी भाऊजींना बाभळीखाली आणले आणि जखमेवर दोन्ही हात दाबून धरले. रक्त बोटांमधून येतच होते.

"देवा, यांना वाचव," मी म्हणालो.

"पुढचं म्हण."

"नाही म्हणणार."

"मला मार्थाला भेटायचंय रे. मीही तेच मागतोय. पण पुढचं म्हण."

मी जखम आणखी घट्ट दाबली. त्यांनी जखमेवरचे आपले हात काढले, तळवे वर करून मातीवर ठेवले आणि ते वाक्य स्वतःच म्हणाले. माझे हात मी उचलले नाहीत. ते गेल्यावर हवालदाराने माझी बोटे एकेक करून सोडवली.

रहीमचाचांनी वाचलेल्या गाडीतला कापूस खाली उतरवला आणि भाऊजींना तीत ठेवले. "माल मागून येईल," एवढेच म्हणाले. अकोल्यापर्यंत ते गाडीपुढे पायी चालले.

मार्था दारात उभी होती. तिने गाडीत पाहिले, मग माझे हात पाहिले. रक्त वाळून मुठी कडक झाल्या होत्या. तिने पाणी आणून त्या धुतल्या, उघडल्या आणि तळवे वर करून आपल्या तळव्यांवर ठेवले.

"आता त्यांचं रोजचं वाक्य म्हण," ती म्हणाली.

मी म्हणालो. तिने आपले हात मिटले नाहीत.

नाईक याकोब अकोल्याच्या काळ्या मातीत आहेत. गणपतची राख त्या वाटेवरच राहिली. दोघांची नावे मी रोज घेतो, हात उघडे ठेवून.