लेबर रूममधली खंडेनवमी

नेवाशाकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात मी सिस्टर आहे. स्वभावाने तापट. लेबर रूममध्ये कुणी चप्पल घालून आलं किंवा बाळ पुसायला दमट टॉवेल हातात दिला, की माझा आवाज ओपीडीपर्यंत जातो. पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. जन्मल्यावर जे बाळ रडत नाही, त्याच्यासाठी आपल्या हातात जेमतेम एक मिनिट असतं. त्या मिनिटात टॉवेल शोधत बसता येत नाही.

माझा एक नियम होता. अँबू बॅग म्हणजे बाळाच्या नाकातोंडावर मास्क धरून आत हवा ढकलायचा फुगा. प्रत्येक बाळंतपणाआधी तो मास्क स्वतःच्या तळहाताला लावायचा आणि फुगा दाबायचा. तळहाताला हवा लागली की बॅग ठीक. दोन सेकंदांचं काम. नव्याने आलेल्या प्रत्येक सिस्टरकडून मी हे घोकून घेतलंय, आणि जी विसरली तिची माझ्यापुढे धडगत नसे.

आमच्या भागात खंडेनवमीला कामाच्या हत्यारांची पूजा होते. शेतकरी ट्रॅक्टर पुजतो, साखर कारखान्यात मशिनं पुजतात, मग आम्हीच का मागे राहायचं? त्या वर्षी धुतलेली चादर अंथरून आम्ही कात्र्या, चिमटे, वजनकाटा मांडला आणि मधोमध अँबू बॅग ठेवली. लेबर रूममध्ये साफसफाई बघणाऱ्या आमच्या मावशी म्हणाल्या, ही प्लास्टिकची, हिला कशाला? मी त्यांना झापलंच. या खोलीत सगळ्यात जास्त पुण्य हिच्याच पदरी आहे, म्हटलं. हळदकुंकू झालं, झेंडू वाहिला, कुंकवात भिजवलेल्या अक्षता मी स्वतः मूठभर टाकल्या. संध्याकाळी कात्र्या-चिमटे पुन्हा निर्जंतुक करायला गेले. बॅग मात्र मी नुसती वरून पुसली आणि जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी आठच्या सुमाराला जवळच्या गावची आशाताई आली. एरवी ती गावातल्या बायकांना बाळंतपणासाठी घेऊन येते आणि उशीर झाला म्हणून माझी बोलणी खाते. त्या दिवशी तिने स्वतःची लेक आणली होती. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. वेळेत आणली, कागदपत्रं नीट होती, सोबत धुतलेली सुती लुगडी होती. मला बोलायला जागाच ठेवली नाही, म्हणून मी तिला मुद्दाम विचारलं, आज सूर्य कुठे उगवलाय? तीही हसली.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि तिथेच मी गाफील राहिले. बॅग उचलली, छान चकचकीत दिसली. कालच तर पुसलीय, म्हणून तळहाताला न लावताच वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या टेबलावर ठेवली.

साडेदहाला मुलगी झाली. अंग सैल, ओठ निळे, आवाज नाही. मी पुसलं, पाठ चोळली, तोंड-नाक साफ केलं. काही नाही. नाळ कापून तिला वॉर्मरवर घेतलं, खांद्याखाली कापडाची घडी सरकवली, मास्क लावला आणि दाबायला लागले. दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन. छाती हलेना. मान नीट केली, मास्क घट्ट धरला, पुन्हा तोंड साफ केलं, जोर वाढवला. छाती तशीच. माझ्या जोडीची सिस्टर नाळेच्या मुळाशी बोट ठेवून ठोके मोजत होती. ती हळू आवाजात म्हणाली, "कमी होतायत."

तेव्हा कुठे मी मास्क तळहाताला लावला. हवा नव्हती.

दुसरी बॅग ऑपरेशनच्या खोलीत होती. मावशी धावल्या, पण त्या जाऊन येईपर्यंत थांबायला आमच्याकडे वेळ नव्हता. मी फुग्यापासून मास्क ओढून काढला, तो बाळाच्या तोंडावर ठेवला, मास्कच्या भोकाला तोंड लावलं आणि फक्त गालातली हवा आत फुंकली. त्याहून जास्त त्या एवढ्याशा छातीला सोसत नाही. छाती वर आली. पुन्हा फुंकलं, पुन्हा वर आली. किती वेळा फुंकलं ते आठवत नाही. मनात एकच होतं, माझ्या हलगर्जीपणाने हिला जाऊ देऊ नको.

मावशी दुसरी बॅग घेऊन आल्या. ती मात्र मी आधी तळहाताला लावली. हवा लागली. जोडीची सिस्टर म्हणाली, ठोके वाढले. ओठांचा रंग बदलला, एक हात आखडला, आणि मग त्या पोरीने चेहरा वाकडातिकडा करून असं भोकाड पसरलं की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. मी स्टुलावर बसले आणि रडले. कुणी बघतंय का, याची फिकीर केली नाही.

बाळंतीण पलीकडे डोळे मिटून पडली होती. तिने रडणं ऐकलं आणि दमलेल्या आवाजात विचारलं, "लई रडतंय. काय दुखतंय का त्याला?" जोडीची सिस्टर म्हणाली, काही दुखत नाही, रडू दे.

नंतर बॅग उघडली. हवा जाण्याच्या झडपेत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा चिकटून बसला होता. मी तो डॉक्टरांना दाखवला, झालं तसं सगळं लिहून दिलं. मग व्हरांड्यात आशाताईला गाठलं आणि तिलाही सांगितलं. पूजा माझी, अक्षता माझ्या, न तपासणंही माझंच. तिने खांबाला हात टेकला. तिने चार शब्द सुनावले असते तर मी ऐकून घेतले असते.

"माझ्या पोरीला सांगू नका, सिस्टर," ती म्हणाली. "तिला वाटतंय, जन्मली तशी रडली. तसंच ऱ्हाऊ द्या."

तान्ह्या मुलीवर त्यानंतर तीन दिवस आम्ही डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं. दूध ओढायला लागली, अंग छान गुलाबी राहिलं. आता खंडेनवमीला अक्षता टेबलावरच पडतात, बॅग कपाटातून बाहेर निघत नाही, आणि तळहाताचा नियम मी इतरांइतकाच स्वतःलाही लावते.

त्या मुलीच्या बारशाला आशाताईने आग्रहाने बोलावलं. पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या. बाळंतीण हौसेने सगळ्यांना सांगत होती, "माजी लेक लई आवाजाची. बाहेर आली आन् लगीच वरडायला लागली, क्षणभर गप्प न्हाई. इचारा सिस्टरला." सगळ्याजणी माझ्याकडे वळल्या. आशाताईही बघत होती.

"व्हय," मी म्हटलं, "कान बसले आमचे."

समोरचा माणूस चुकीचं सांगतोय आणि मी त्याला दुरुस्त केलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मला फार बरं वाटलं.