मेण न जाळलेल्या कांड्या

बॅटरीचा सेल उघडायला जोर लागत नाही, सबुरी लागते. वरचा कागद भिजवून सोलायचा, पितळेची टोपी चाकूच्या टोकाने उचलायची, तिच्याखालचं डांबर टोच्याने उकरायचं. मग पकडीने मधली कार्बनची कांडी धरायची आणि सरळ न ओढता हळूहळू पिळत वर काढायची. लोक चुकतात ते इथे. ओढली की कांडी मधोमध मोडते, आणि हाती राहते जस्ताची डबी नि तिच्यातला काळा मसाला, जो हातापेक्षा बनियनवर जास्त काळ टिकतो. माझी कांडी कधी मोडत नसे. लालबागच्या आमच्या चाळीत माझ्याबद्दल फारसं चांगलं मत कोणाचं नव्हतं, पण सेल उघडावा तर याने, एवढं सगळे मान्य करत.

आमच्या जिन्यात दिवा नव्हता, त्यामुळे टॉर्च घरोघरी होती. सेल मंदावला की तो आधी गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवत. दोन-तीन दिवस ऊन खाऊनही त्यात धुगधुगी आली नाही, की तो माझ्याकडे यायचा. पितळेच्या टोप्या लहान पोरं खेळायला नेत. जस्त मी कॉलेजच्या प्रयोगांसाठी ठेवत असे. काळा मसाला सरसात कालवला की बऱ्यापैकी रंग होई, आणि त्या रंगाला तेव्हा गिऱ्हाइकांचा तोटा नव्हता. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. परळपासून भायखळ्यापर्यंत रिकामी भिंत दिसली की तिच्यावर 'झालाच पाहिजे' उमटे. आमच्या गल्लीतलं 'पाहिजे' माझ्या मसाल्यातलं होतं. पहिल्या पावसाळ्यात ते वाहून गेलं. मागणी वाहून गेली नाही.

बाबा गिरणीत साचेवाले होते. साचेखात्यात शेकडो माग एकदम चालतात, धोटे आपटतात, आणि पंचवीस वर्षांनी माणसाच्या कानात काही उरत नाही. बाबांच्या उजव्या कानात थोडं उरलं होतं. तरी ते एकही सभा चुकवत नसत. मैदानात पुढे जाऊन बसत, सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत, सगळ्यांबरोबर घोषणा देत आणि काय बोललं गेलं ते कळून घ्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर बसत. मी पेपर उघडून त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन भाषण ओरडून वाचायचो. वाचायचो म्हणजे छाटायचो. दोन तासांच्या भाषणातले सिंह, तलवारी, सह्याद्रीचे कडे आणि रक्ताचे पाट काढून टाकले की सहा वाक्यं उरत. ती मी सांगायचो. चार वर्षं हे चाललं होतं. इंटर सायन्सला बसलेल्या मुलाचा घरात दुसरा उपयोग नव्हता, पण बाबांचा उजवा कान माझा होता.

त्या कानाला वाटेकरी आला तो शेजारच्या खोलीतून.

शेजारी माझ्याच वयाचा. मावशीकडे राहायचा, शाळा सातवीत सोडलेली, बाबांच्याच खात्यात बदली कामगार. साचेवाल्यांची एक रीत असते. मागांच्या गोंगाटात बोलून उपयोग नाही, म्हणून ते हातांनी खुणा करतात. मुकादम येतोय, धागा तुटला, चहाला चल, घरी काय जेवलास, सगळ्याला खूण. हा पठ्ठ्या गॅलरीच्या त्या टोकाला दात घासत उभा राहून बाबांना खुणा करी, आणि इकडे बाबा पोट धरून हसत. मी "काय म्हणाला?" असं विचारलं की बाबा हात झटकून सांगत, "काय नाय. खात्यातला." मी त्या खुणा कधी शिकलो नाही. मला वाटे, मी कॉलेजात शिकतो ते हेच शिकावं लागू नये म्हणून.

चूक माझीच. त्याच्यावर छाप पाडावी म्हणून एकदा गॅलरीत मी त्याला माझ्या ज्ञानातला एक तुकडा ऐकवला. दादरच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं होतं की दोन कार्बनच्या तुकड्यांवर तिसरी कांडी सैल टेकवली, सेल जोडला आणि टेलिफोनचा कानाला लावायचा भाग त्यात घातला, तर कांडीजवळचा बारीक आवाजही कानात मोठा होऊन येतो. मी हे चहा पिता पिता सांगितलं आणि विसरलो. तो विसरला नाही.

आठवड्याने तो आमच्या दारात उभा. हातात एक लाकडी खोका, चोरबाजारातून आणलेला टेलिफोनचा एक कान, आणि चेहऱ्यावर कसलाही कपटीपणा नाही, जे मला सगळ्यात जास्त खटकलं.

"अरे, तू सांगितलंस ना परवा, ते काकांसाठी करतोय. मला चार कांड्या दे. मी काढायला गेलो, सगळ्या मोडल्या. तुझ्यासारखा हात नाय कोणाचा."

असं कोणी म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही. मी चार कांड्या दिल्या, सरळ, अखंड, पुसलेल्या. फक्त एक गोष्ट सांगितली नाही. सेलच्या कांडीत मेण मुरवलेलं असतं. ती आधी शेगडीवर लाल होईपर्यंत भाजून मेण जाळावं लागतं, नाहीतर ती आवाज नेण्याऐवजी खरखरत बसते. हे मला माझ्या प्रयोगांतून ठाऊक होतं. पुस्तकात नव्हतं, आणि त्याने पुस्तक वाचलेलं नव्हतंच.

खोका जोडून झाला. बाबांनी तो कान कानाला लावला. मी बाजूला उभा राहून निर्विकार चेहरा ठेवण्याचा प्रयत्न करत होतो. आत नुसती खरखर चालली असणार, दुसरं शक्य नव्हतं. बाबांचा चेहरा हळूहळू उजळला.

"खात्यात इल्यासारखा वाटता," ते म्हणाले.

म्हणजे मी मुद्दाम दिलेल्या खराब कांड्यांनी त्यांना साचेखातं घरी आणून दिलं, आणि श्रेय शेजाऱ्याला. तो मान खाली घालून हसत होता. आई त्याला लाडू देत होती. मला लाडू मिळाला, पण त्याच्यानंतर.

त्या संध्याकाळी मोरीपाशी भांडी पुसताना आईला मी हळूच सांगून टाकलं. मनात राहवेना. "मेण जाळावं लागतं. मी त्याला सांगितलंच नाही. बसू दे खरखरत."

आईने ताट तसंच धरून ठेवलं. "अरे, तो तुझ्या बापाशीसाठीच करता मां?"

"मग काय झालं? कल्पना माझी आहे."

बाबा उंबऱ्यावर आमच्याकडे तोंड करून विडी ओढत बसले होते. त्यांच्यापुढे कुजबुजायची आम्हाला सवयच नव्हती; आम्ही हळू बोललो तरी पुरे, असं धरून चालायचो.

इकडे बातमी चाळीच्या अध्यक्षांपर्यंत गेली. अध्यक्ष म्हणजे नळाच्या वेळा ठरवणारे गृहस्थ. पण बंद गळ्याचा कोट त्यांच्याकडे होता आणि तो घालायला निमित्त लागे. त्यांनी रविवारी चार वाजता चौकात सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र अर्थातच मी लिहायचं, कारण चाळीतली लग्नपत्रिकेपासून नळाच्या तक्रारीपर्यंतची सगळी लेखी कामं कॉलेजात जाणाऱ्याकडे येत. मी रात्रभर नाही, पण दुपारभर बसलो. 'कल्पक' हा शब्द दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. शेवटी 'मेहनती' लिहिलं. ज्याने सगळ्या कांड्या मोडल्या त्याला ते शोभून दिसत होतं.

रविवारी अध्यक्ष कोटाची सगळी बटणं लावून आले. खोका टेबलावर. पलीकडे खुर्चीत बाबा, कानाला तो कान लावून. अध्यक्ष खोक्यासमोर वाकले आणि त्यांनी एकेक शब्द चावत भाषण सुरू केलं. हा आपला मराठी तरुण, परदेशी यंत्रं काय करतील ते याने रद्दी सेलांतून करून दाखवलं, महाराष्ट्राला उद्या असेच हात लागणार आहेत, वगैरे. सह्याद्रीही एकदा येऊन गेला. मग ते थांबले आणि मोठ्याने विचारलं, "काय ऐकलंत, सांगा बरं!"

आता खरखर उघडी पडणार. पडायलाच हवी होती.

बाबांनी भाषण सांगितलं. तरुण, परदेशी यंत्रं, रद्दी सेल, महाराष्ट्राचे हात. सह्याद्रीसुद्धा सोडला नाही. चौक टाळ्यांनी दणाणला. अध्यक्षांनी शाल घातली, मी मानपत्र वाचलं, आणि 'मेहनती' ऐकून शेजाऱ्याने माझ्याकडे बघून हात जोडले.

मला काही सुधरेना. त्या कांड्यांतून शब्द येणं शक्यच नव्हतं. सगळे गेल्यावर मी खोक्याचा तो कान उचलून माझ्या कानाला लावला. खरखर, फक्त खरखर. विडीचा कागद चुरगळावा तशी.

घरी आल्यावर बाबांनी कोपऱ्यात टोपी ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेच्या पेटयेत नुसती खरखर आसा. अध्यक्षाचा तोंड दिसत होता."

ते भिंतीला टेकून बसले.

"पंचवीस वर्सां खात्यात काढली. हात मोकळे नसले की तोंड बघून बोलतो आमी." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू आवशीक काय सांगतलंस, ता पन दिसला माका."

साचेवाला ओठ वाचतो हे साचेवाल्याच्या मुलाला माहीत नव्हतं. हातांच्या खुणा मी बघितल्या होत्या, तोंडाचं काही चालत असेल असं कधी मनात आलं नाही. चार वर्षं मी त्यांच्या समोर काय काय बोललो असेन, याची आठवण करण्याचा प्रयत्न केला आणि लगेच सोडून दिला.

"मग पेटी कशाला हवी तुम्हाला?" मी विचारलं. आवाज चढवला, जुन्या सवयीने.

"सभेत तोंडासमोर माईक असता," ते म्हणाले. "आता जा, नि त्यो कांडयो भाज."

मी शेगडीवर कांड्या भाजल्या. मेण जळताना विझलेल्या मेणबत्तीसारखा नव्हे, तर नुसताच घाणेरडा वास आला आणि आईने खिडकी उघडली. कांड्या शेजाऱ्याला नेऊन दिल्या आणि म्हटलं, मेण राहिलं होतं, भाजायला सांगायचं विसरलो. "विसरणारच," तो म्हणाला, "अभ्यास किती असतो तुला." त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या सभेला बाबा माझ्या आणि त्याच्या मध्ये बसले, मांडीवर खोका घेऊन. टाळ्या त्यांनी या वेळी सगळ्यांच्या अर्धा क्षण आधी वाजवल्या. मी भाषण ऐकलं नाही. मी त्यांच्याकडे बघत होतो, आणि उद्या सकाळी मी काय करायचं याचा विचार करत होतो.

सकाळी बाबा नेहमीच्या जागी येऊन बसले.

"काल ऐकलंत ना सगळं?" मी म्हटलं.

"ऐकला. दोन तास बोललो तो." ते जरा थांबले. "तू सा वाक्यांत सांगतंस. वाच."

मी पेपर उघडला. तेवढ्यात गॅलरीच्या टोकाहून दात घासता घासता त्याने कसलीशी खूण केली आणि बाबा खळखळून हसले. मी विचारलं नाही. उत्तर मला पाठ होतं.

पेपर खाली धर, तोंड दिसू दे, एवढंच त्यांनी चार वर्षांत एकदा म्हटलं असतं, तर मला ओरडावं लागलं नसतं आणि त्यांना कान पुढे करावा लागला नसता. ते त्यांनी का म्हटलं नाही, हेही मी विचारलं नाही. मी पेपर वर उचलला, तोंड पुरतं झाकलं जाईल इतका, आणि त्यांच्या उजव्या कानाशी वाकून पहिलं वाक्य सांगितलं.