वसंतकाकांचं चांगलं कोलेस्टेरॉल

गोदाकाठी रोज सकाळी चार माणसं चालायला लागली की तब्येत सुधारायला वेळ लागतो, किस्से मात्र पहिल्याच दिवसापासून जमतात. आमच्या पंचवटीच्या ग्रुपचे इतके झालेत, की ते सांगायला चालणं पुरत नाही. बिनसाखरेच्या चहाला थांबावं लागतं.

परदेशात सार्वजनिक आरोग्य शिकून मी घरी आले, ती गल्ली सुधारायचीच असं ठरवून. पहिले सापडले शेजारचे वसंतकाका. पौरोहित्य करतात. त्यांचं चांगलं कोलेस्टेरॉल कमी निघालं होतं. सुमनकाकूंनी बजावलं, "रिपोर्ट सुधारला तरच यंदा श्रावणात ब्रह्मगिरीची पायी फेरी." काकांनी आजवर एकही फेरी चुकवलेली नव्हती.

*

मी त्यांना तासभर समजावलं. दुसऱ्या सकाळी काका भज्यांच्या गाडीवर! मागे काकू उभ्या.

"वाढवायचं असं हीच म्हणाली," काका माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "मग वाढवतोय."

*

रविवारी ग्रुप चालायचा आणि मिसळीवर तुटून पडायचा. मिसळ बंद केली असती, तर ग्रुपच बंद पडला असता. म्हणून मी दुकान बदललं. नदीपलीकडचं, चांगलं लांबचं. जाणं-येणं पायी, तर्री एकदाच.

पहिल्याच रविवारी परतताना काका गुपचूप रिक्षाकडे वळले. आत काकू बसलेल्या.

"या की. फेरीलाही हीच ठरवू का?"

काका निमूटपणे चालू लागले.

*

तंबाखू सुटली, डबी सुटेना. मग काकांनी डबीत भाजलेलं जवस आणि बडीशेप भरली. एका यजमानांकडे दुसऱ्या गुरुजींनी सवयीनं त्यातली चिमूट घेतली आणि मळायला लागले.

"वसंतराव, ही मळली का जात नाही?"

"ही चावायची असते."

आता त्या गुरुजींच्याही डबीत जवस असतं.

*

श्रावणाच्या तोंडावर रिपोर्ट आला. काकांचा आकडा डॉक्टरांना हवा होता तिथे पोचला होता. मला रस्त्यातच नाचावंसं वाटलं. काका ऐटीत म्हणाले, "काढा माझे फेरीचे बूट."

काकूंनी पिशवीतून आणखी एक लिफाफा काढून माझ्या हातात दिला. वर त्यांचंच नाव. उघडून पाहिलं, तर त्यांचा आकडा काकांच्याही वर!

"काकू, तुम्ही कधी चालायला लागलात?"

"हे खरंच चालतात की नाही, ते घरी बसून कसं कळणार?" काकू म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. "बूट काढून ठेवलेत. दोन जोड."