समीरने दिलेला स्नोबोर्ड

मंडळी, कंबर इतकी दुखतेय की हे उभ्यानेच टाइप करतेय.

आज ग्लासगोत इनडोअर स्लोपवर, म्हणजे छताखालच्या बर्फाच्या उतारावर, माझा स्नोबोर्डिंगचा पहिला लेसन होता. बोर्ड समीरने दिलेला. युनिपासूनचा मित्र. म्हणाला, "बिगिनरला एकदम परफेक्ट, डोळे झाकून घे."

तासभर नुसती आपटत होते. शेवटी इन्स्ट्रक्टरने बोर्ड वाकवून पाहिला. जराही वाकेना. म्हणाली, हा एक्स्पर्ट लोकांचा. शिकताना मऊ, वाकणारा लागतो.

कार पार्कमधूनच समीरला फोन लावला. साहेब हसले. "अगं, मीपण त्याच्यावरून खूप पडलो. म्हणून तर नवीन सॉफ्टवाला घेतला!"

म्हणजे त्याला माहीत होतं.

पडल्याचं काही नाही हो. पण तुम्ही स्वतः जिथे आपटलात, तिथे मैत्रिणीला हाताला धरून नेलं असतं का?