दोंडाईचाच्या दारात चालू ठेवलेली जीप

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, लिलावात एक जुनी डिझेल जीप घेतली होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. मी जळगावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून. पाने-पकडींचा एक डबा सोडला तर इंजिनाशी माझा काही संबंध नव्हता, पण नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगायची मला भारी हौस.

एरंडोलच्या घरून दोंडाईचाला मुलगी बघायला निघालो ते याच जीपमधून. ती मुलगी मी आधी एका लग्नात पाहिली होती आणि मनातल्या मनात हो म्हणून बसलो होतो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

धुळं ओलांडलं आणि इंजिन अडखळायला लागलं. आबा म्हणाले, मागे फिरून मिस्तरीला दाखवू. मी म्हणालो, "मिस्तरी कसाले? फिल्टरमा कचरा शे, दुसरं काही नही."

चहाच्या टपरीपाशी गाडी लावून मी फिल्टर उघडला, धुतला आणि परत बसवला. एक वायसर, रबराची गोल चकती, उरला. जास्तीचा असेल म्हणून शर्टाच्या खिशात टाकला. पांढऱ्या शर्टावर डिझेलचा ओघळ आला तो वेगळाच. त्यानंतर गाडी आधीपेक्षा वाईट वागायला लागली. सुरूच होईना. टपरीवरच्या लोकांनी ढकलली तेव्हा थरथरत, धूर ओकत चालू झाली. वायसर नसल्यानं ती फिल्टरातून हवा ओढत होती, हे आज कळतं. तेव्हा मी म्हणालो, कचरा जळतोय. आबांनी फर्मान काढलं की आता घरी पोचेपर्यंत गाडी बंद करायची नाही.

म्हणून दोंडाईचाला मुलीच्या दारात गाडी तशीच चालू राहिली. आत आम्ही पोहे खात होतो, बाहेर जीप धडधडत होती आणि खिडकीतून धूर येत होता. मुलगी समोर बसली. तिला विचारलेलं तिला ऐकू जात नव्हतं, तिनं सांगितलेलं आम्हाला. मी सगळ्याला मान हलवत होतो.

मुलीच्या वडिलांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शेवटी ते आबांना म्हणाले, "तुमले घाई शे का? पोर पसंत नही तं नही सांगा, पन गाडी तरी बंद करा."

आम्ही उठून पळायच्या बेतात आहोत, असं त्यांना वाटलं होतं. गाडी नादुरुस्त आहे एवढं सांगितलं असतं तर भागलं असतं. पण जीपवाले म्हणून मिरवत आलेल्या आबांची जीभ रेटेना आणि मिस्तरी म्हणून मिरवलेल्या माझीही.

मी उठलो, बाहेर गेलो आणि इंजिन बंद करायची कळ ओढली. सगळी गल्ली एकदम शांत झाली. आत आलो तर वडील माणसात आले होते. त्यांनी जेवायचा आग्रह केला. एरवी आबा कुठल्याही मुलीच्या घरी "कळवतो" म्हणून पाणी पिऊन निघायचे. आता निघणार कशात बसून? शिऱ्याची दुसरी वाटी त्यांनी मागून घेतली आणि तिथंच होकार दिला.

जेवणानंतर गल्लीतल्या लोकांनी गाडी ढकलत स्टेशनच्या रस्त्यापर्यंत नेली. आबा आत स्टिअरिंग धरून पालखीत बसल्यासारखे. मी मागून ढकलत होतो, आणि दारासमोरच इंजिनानं एक उचकी देऊन सगळा धूर माझ्याच तोंडावर ओकला; सुरू झाली ती मात्र स्टेशनच्या रस्त्यावर. वायसर दुसऱ्या दिवशी आईला शर्ट धुताना सापडला.

इंजिनातलं माझं ज्ञान बघून बायकोनं मला पसंत केलं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. एकदा पाहुण्यांसमोर मी ते ऐटीत सांगितलं. ते गेल्यावर बायको भांडी आवरता आवरता म्हणाली, "मी तं नहीच म्हननार व्हतू. ज्याले दारमा गाडी बंद कराले वेळ नही, तो बायकोसाठे काय थांबी?"

"मंग?"

"मंग खिडकीमाइन देखं. आबा गाडीमा बठेल व्हतात, तुम्ही मांगे ढकलत व्हतात. तोंड काळं. मी म्हनं, चाली. हाऊ मानूस खाले तं उतरस."