सुशीलासाठी प्रार्थना

जुन्या कादंबरीत आज पानाच्या खुणेसाठी ठेवलेलं पत्रक सापडलं: ‘कादंबऱ्या वाचणं पाप आहे.’ माझे वडील, आबा, शिंदखेड्याच्या बाजारात येशूची अशी पत्रकं वाटायचे. त्या शाईच्या वासानं आईचं आजारपण आठवलं. मी तिला हीच कादंबरी वाचून दाखवत होते. नायिका सुशीला तापानं फणफणली होती.

“आवो, तिनाकरता प्रार्थना करा ना,” आई म्हणाली.

“ती खोटी शे!” आबा चिडले.

“मना जीव तर खरा तुटस ना?”

आबांनी गुडघे टेकले.

कादंबरी संपण्याआधीच आई गेली. मेलेल्यांसाठी आमच्यात प्रार्थना करत नाहीत. आबा मात्र अजूनही रोज सुशीलासाठी करतात. आधी मला तो भाबडेपणा वाटायचा; आता कळतं, ती प्रार्थना कोणासाठी आहे. पुस्तकात सुशीला मेली असेल, तर त्यांना तेही थांबवावं लागेल. म्हणून पुढची पानं मी उलटत नाही.