प्रतिकूल काही नाही

छत्तीस वर्षांच्या नोकरीतलं बरंचसं आता पुसट झालं आहे. कोणाला कुठे पकडलं, कोण सुटलं, हे विचारलं तर मला जुन्या सहकाऱ्यांना फोन लावावा लागतो. ही एक घटना मात्र मी विसरू शकलो नाही, आणि ती आठवली की मला स्वतःचाच राग येतो.

सध्या आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींत एकच विषय आहे. रस्त्यावर गाड्यांच्या शर्यती लावणाऱ्या पोरांचं काय करायचं? निम्मे म्हणतात, कायदा कडक करा, गाड्या भंगारात घाला. उरलेले म्हणतात, वयच आहे ते, पोलिसांनी दोन कानाखाली द्याव्यात आणि सोडावं, गुन्हा दाखल करून आयुष्याचं वाटोळं करू नये. मी निवृत्त पोलीस निरीक्षक, म्हणून दोन्ही बाजू माझ्याकडे बघतात. मी चहा पीत बसतो. त्यांना ही गोष्ट कधी सांगितली नाही, ती इथे सांगतो. नावं कोणाचीच घेत नाही.

तेव्हा सोलापूर शहराच्या कडेच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत नवा बायपास झाला होता. गुळगुळीत रस्ता आणि सकाळी सहा-साडेसहाला वाहतूक विरळ. पोरांना आणखी काय पाहिजे? तक्रारी यायला लागल्या तेव्हा मी एका सकाळी दोन्ही टोकांना नाकाबंदी लावली. चार गाड्या आणि चार जण सापडले. नंबर प्लेटा काढलेल्या, सायलेन्सर बदललेले. मोटार वाहन कायद्यातलं शर्यतीचं कलम होतं आणि भादंविचं २७९ होतं. (आता नवी संहिता आली, आकडे बदलले. गुन्हा तोच आहे.) ठाणे अंमलदाराने कागद पुढे ओढलासुद्धा.

तेवढ्यात एका पोराचे वडील आले. माध्यमिक शाळेतले शिक्षक, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाईल. त्यांचा मुलगा पोलीस भरतीत निवडला गेला होता. यादीत नाव लागलं होतं, चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्यात यायचा होता. गुरुजींनी फाईल उघडून यादी दाखवली आणि हात जोडले. म्हणाले, "साहेब, आज गुन्हा दाखल झाला की सगळं गेलं. चार वर्षं पळतोय तो मैदानावर."

आमच्या भागात भरती म्हणजे काय असतं, हे बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. पहाटे मैदानावर पळणारी शेकडो पोरं असतात, त्यातलं एखादंच लागतं. मी स्वतः त्याच मैदानावर पळलेला. आणि खरं सांगायचं तर तो उद्या आमच्याच खात्यात येणार होता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं लोक आमच्याबद्दल म्हणतात. खोटं म्हणत नाहीत.

एकालाच कसं सोडणार, म्हणून चौघांनाही सोडायचं ठरवलं. चौघांकडून हमीपत्र लिहून घेतलं. मजकूर मीच सांगितला: 'अशा शर्यतीत रस्त्यावरील माणसाचा जीव जाऊ शकतो याची मला पूर्ण जाणीव करून देण्यात आली आहे. पुन्हा असे कृत्य करणार नाही.' खाली सह्या झाल्या.

चौघांत एक स्वतःचं छोटं गॅरेज चालवणारा होता, गुरुजींच्या मुलाचा लहानपणापासूनचा मित्र. केस मानेवर रुळणारे, नखांत काळं तेल. वडील यंत्रमागावर कामाला, ते आलेसुद्धा नव्हते. सगळ्यांसमोर मी त्याला झापलं. म्हणालो, "तुझं काय जातंय? तुझं गॅरेज आहे. याचं सिलेक्शन झालंय. याच्यावर गुन्हा लागता कामा नये, एवढं तरी कळतं का?" त्याने मान खाली घालून "व्हय साहेब" म्हटलं. पुढच्या महिन्यात पडताळणीचा कागद आला. मी त्यावर लिहिलं, 'प्रतिकूल काही नाही,' आणि सही केली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. घरी जाऊन बायकोला सांगितलंही, आज एका पोराचं आयुष्य वाचवलं.

पाच-सहा महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी सातला कंट्रोल रूमचा फोन आला. बायपासच्या सर्व्हिस रोडवर एका बाईला मोटारसायकलने उडवलं होतं. मी पोहोचलो तेव्हा ती गेलेली होती. पन्नाशीची विडी कामगार, वस्तीतून कारखान्याच्या शाखेत आदल्या दिवशी वळलेल्या विड्या द्यायला निघालेली. टोपली वीस फूट लांब पडली होती आणि विड्यांचे कट्टे रस्ताभर विखुरले होते. पंचनामा करताना आमची एक महिला शिपाई ते कट्टे गोळा करायला लागली. तिला थांबवावं लागलं, कारण तोही पुरावा होता.

गाडी जागेवरच होती, उजव्या अंगावर घसटत गेलेली. उजवा फूटरेस्ट झिजून चकचकीत झाला होता. नंबर प्लेट नव्हती. चालवणारा पळून गेला होता. चासी नंबरवरून मालक सापडला. त्याने गाडी दोन दिवसांपूर्वी दुरुस्तीला टाकलेली, त्याच पोराच्या गॅरेजवर. आम्ही त्याला आणायला निघणार, तोच दुपारी तो स्वतःहून ठाण्यात हजर झाला. पँट गुडघ्यापर्यंत वर केली, सोललेला डावा गुडघा दाखवला आणि म्हणाला, "साहेब, मीच चालवत होतो."

गाडीचा माग लागला, आरोपी हजर, कबुली तयार. माझे हवालदार खूश झाले. एवढा सरळ तपास वर्षातून एखादाच मिळतो.

संध्याकाळी चार विडी कामगार बायका ठाण्यात आल्या. त्यातली एक सकाळी मयत बाईच्या बरोबरीने चालत होती. घरात तेलुगू बोलणारी, पण मराठी चांगली होती. ती मघापासून बाकावर बसून कोठडीकडे बघत होती. मी जबाब घ्यायला बसलो तर म्हणाली, "साहेब, ह्यो न्हाय त्यो."

मी विचारलं, कशावरून?

"आमची अक्का पडली की मी त्याच्याकडंच बघितलं. पडला, उठला, हेल्मेट काढून फेकलं. केस लई बारीक. तुमच्या पोलीस लोकांचे असतात तसे. मग मधला कठडा उडी मारून पळाला. साहेब, असं पळताना मी कुणाला बघितलं न्हाय."

तिने वर्णन कोणाचं केलं, हे मला तिथेच कळलं होतं. तरी मी जबाब पूर्ण लिहून घेतला, वाचून दाखवला, अंगठा घेतला.

त्यानंतर पोराला माझ्या खोलीत आणलं. मी मारहाण करणारा अधिकारी नव्हतो. माझा अनुभव असा की खोटं बोलणाऱ्याला त्याचीच गोष्ट तीनदा सांगायला लावावी. तिसऱ्यांदा तो थकतो. याने तिन्ही वेळा न चुकता सांगितली. मग मी म्हणालो, "गाडी उजव्या अंगावर पडली. तुझा डावा गुडघा कसा सोलला?"

त्याने पँट गुडघ्यावरून खाली ओढली.

"आणि पँट कुठे फाटली?"

पँट त्याने बदलली म्हणाला. कुठे टाकली ते सांगता येईना. सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की जखम रस्त्यावर घासल्याची वाटत नाही, खडी नाही, माती नाही. गॅरेजमध्ये पत्रा घासायचा कागद असतो, त्याने हा गुडघा सोलून घेतला होता. तो कागद मी टेबलावर ठेवला. गॅरेजच्या झडतीत मिळाला होता, त्यावर वाळलेलं रक्त होतं.

"किती दुखलं असेल रे," मी म्हणालो. हे मी खरंच म्हणालो, युक्ती म्हणून नाही. त्यावर तो रडायला लागला.

"साहेब, आठ दिवसांनी त्याला ट्रेनिंगला जायचं हाय. केसबी कापून आलाय. शेवटचं एकदा पळवू म्हणला, मी गाडी दिली. आता त्याच्यावर गुन्हा लागला की गेलं की सगळं."

"म्हणून तू तुरुंगात जाणार होतास?"

त्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "तुमीच म्हणाला होता की. त्याच्यावर गुन्हा लागता कामा नये. तुझं काय जातंय, तुझं गॅरेज हाय. मी म्हणलं, खरंच हाय. माझं काय जातंय?"

आयुष्यात मी अनेकांची कबुली घेतली. तेवढी एक मला खुर्चीत बसून ऐकवेना. मी उठून खिडकीपाशी गेलो. एका मोठ्या माणसाने, वर्दीतल्या माणसाने, चारचौघांत त्याला सांगितलं होतं की त्याची किंमत काय आणि मित्राची काय. त्याने ते मनावर घेतलं होतं.

पोराला कोठडीत परत पाठवल्यावर, रात्री उशिरा एक हवालदार आत आले. जुने, भले माणूस, मोहोळकडचे. दार लोटून हळू आवाजात म्हणाले, "साहेब, आरोपी कबूल हाय. गॅरेज त्याचं, गाडी त्याच्याकडची. त्या बाईचा जबाब जरा ढिला लिवला तर? न्हायतर पडताळणीवर तुमची सही हाय. हमीपत्र बी फायलीत हाय. रिटायरमेंटला किती राहिलंय तुमच्या?"

त्यांनी माझ्याच मनातलं बोलून दाखवलं होतं. मी लगेच नाही म्हणालो, असं इथे लिहिलं तर ते खोटं होईल. मी त्यांना सकाळी बघू म्हणालो. घरी गेलो, जेवलो नाही.

सकाळी ठाण्यात आलो तर बाहेर मयत बाईची मुलगी उभी होती. पंचवीस-सव्वीसची. अंत्यविधी उरकून आली होती, शवविच्छेदनाच्या कागदाची नक्कल हवी होती. शिपायाने तिला आदल्या दिवशी दोनदा परत पाठवलं होतं. ती माझ्याशी भांडली नाही. फक्त विचारलं, "साहेब, आईला मारणारा सापडला का?" मी सापडला म्हणालो. ते म्हटलं आणि मग मागे फिरता येईना.

गुरुजींच्या मुलाला मामाच्या घरून आणला. उजवा गुडघा, उजवं कोपर, सगळं सोललेलं. हेल्मेटमधले केस आणि कठड्यावरचं रक्त जुळलं. गुरुजी तीच फाईल घेऊन आले. "साहेब, मागच्यासारखं..." एवढंच म्हणाले आणि स्वतःच थांबले. मी त्यांना पाणी दिलं.

प्रश्न कलमाचा होता. हयगयीने मृत्यू, म्हणजे ३०४-अ लावलं असतं तर जामीन तिथल्या तिथे आणि माझी फाईलही बंद. पण जीव जाऊ शकतो हे माहीत असताना केलं, तर ३०४ भाग दोन. माहीत होतं याला पुरावा काय? त्याच्याच सहीचं हमीपत्र, मीच सांगितलेला मजकूर. मी ते जोडलं. पडताळणीचा अहवालही जोडला आणि वरिष्ठांना स्वतःहून लेखी कळवलं. माझी विभागीय चौकशी झाली, ताशेरे ओढले गेले. ते योग्यच होते.

इथपर्यंत ऐकलं की लोक मला शाबासकी देतील, हे मला ठाऊक आहे. म्हणून पुढचंही सांगतो. गॅरेजच्या पोरावर मी पुरावा दडवल्याचा, खोटी माहिती दिल्याचा गुन्हा लावला. त्याच्या बाबतीत मला सवलत देता आली असती. त्याला साक्षीदार करता आलं असतं, सरकारी वकिलांनी तसं सुचवलंही होतं. मी ऐकलं नाही. एकदा मवाळ होऊन हात पोळले होते, आता कायदा म्हणजे कायदा. मला तेव्हा तो कणखरपणा वाटला होता. तो भित्रेपणा होता. त्याचं गॅरेज गेलं. एका कारखान्यात काम लागत होतं, तिथे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला, तो मिळाला नाही.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. साक्षीचं समन्स आलं, जाऊन सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. पुढे दोघांनाही शिक्षा झाली, एकाला मोठी, दुसऱ्याला लहान. निकालाच्या दिवशी मी बोलावणं नसताना गेलो होतो. बाहेर व्हरांड्यात मयत बाईची मुलगी भेटली. आता आईच्या जागी तीच विड्या वळते. मी तिला म्हणालो, न्याय मिळाला. असं म्हणायची आम्हाला सवय असते.

ती पायऱ्यांवर बसलेल्या एका माणसाकडे बघत होती. यंत्रमागावरचा तो बाप, जो पहिल्या वेळी ठाण्यात आला नव्हता, आज आला होता.

"त्या पोराला कशाला साहेब?" ती म्हणाली. "खोटं बोलला, व्हय. पण गाडी त्यानं घातली न्हाय की." मी कायद्याचं काहीतरी बोलायला लागलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पहिल्याला सोडलं तवा तुमी त्याच्या बापाकडं बघितलं. ह्याला धरलं तवा कागदाकडं बघितलं. त्या रस्त्यानं आमी रोज चालतोय, आमच्याकडं कवा बघितलं?"

ती रागाने बोलत नव्हती. तिला शाखा बंद व्हायच्या आत पोचायचं होतं, म्हणून ती निघून गेली.